दातखिळी

मिस्त्रींचा जबडा मोडला तो त्यांच्याच स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी, नाश्त्याची भांडी अजून बेसिनमध्ये पडलेली असताना.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या पोकळीत दोरांवर लोंबकळत, ग्रीस आणि धूळ अंगावर घेत त्यांचा दिवस जायचा. कामावर, इमारतीत, दुकानात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचे मिस्त्री’ असंच म्हणायची. पण घरी आले, कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि सुरी उचलली, की हा माणूस वेगळाच दिसायचा. खांदे खाली यायचे. कपाळावरची आठी जायची. दिवसभर कितीही पिट्ट्या पडलेला असो, कांदा परतायला ते घाई करायचे नाहीत. “घाईचा कांदा आणि घाईचं लग्न, दोन्ही आतून कच्चं राहतं,” असं त्यांचं म्हणणं. चांगलं जेवायला मोठा थाट लागत नाही, एक ताजी भाजी, वाफाळता भात आणि समोर खाणारी माणसं एवढं पुरे, हेही त्यांचंच म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या हातचं साधं बटाट्याचं सूप प्यायला बायकोचा मोठा भाऊ खालच्या मजल्यावरून बिनबोलावता वर यायचा.

बायको चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. लग्नाच्या सुरुवातीला तिनं एकदा भात केला, तो चिकट झाला. मिस्त्री हसले, म्हणाले, “सरक जरा, मी दाखवतो.” ते जे सरकणं झालं ते कायमचंच. तेव्हापासून ओट्यापाशी दुसऱ्या कुणाला जागा उरली नाही. शेजारणी म्हणायच्या, “नशीब काढलंस गं!” ती हसायची आणि भांडी पुसायला घ्यायची.

मुलगी, मनी, जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. मांजरांचं अतोनात वेड म्हणून लहानपणी पडलेलं नाव मोठेपणीही चिकटून राहिलं होतं. तिला सुईनं म्हशीची शीर सापडायची, चिडलेल्या कुत्र्याचं तोंड एका हातानं धरता यायचं, पण अंडं उकडायला किती वेळ लागतो ते तिला सांगता आलं नसतं.

त्या रविवारी मिस्त्रींच्या कामावरची पोरं जेवायला यायची होती. मोठं पातेलं माळ्यावर होतं. मिस्त्री स्टुलावर चढले.

“थांबा, स्टूल धरते,” बायको म्हणाली.

“धरायला मी काय लहान आहे? विसाव्या मजल्यावर मला कोण धरतं?”

एवढं बोलून त्यांनी पातेलं ओढलं. पातेल्याच्या आत दुसरं पातेलं होतं, त्याच्या आत झाकणं. सगळं एकदम घरंगळलं आणि गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावरून हा दोरांवर चढणारा माणूस खाली आला. हनुवटी ओट्याच्या कडेवर आपटली, उजवा हात अंगाखाली सापडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, “जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे दात आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकावे लागतील. दीड महिना तोंड उघडायचं नाही. मनगटाला प्लॅस्टर.”

“आणि जेवण?” बायकोनं विचारलं.

“पातळ. स्ट्रॉनं जाईल एवढं पातळ.”

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, दुखत असेल.

*

घरी आल्यावर पहिले काही दिवस ओठ वांग्यासारखे सुजलेले होते. शब्द निघायचे ते दातांवर आपटून परत आत जायचे. बाहेर यायचा तो नुसता गुरगुराट. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे लिहिताही येईना. डाव्या हातानं लिहून बघितलं, तर ते त्यांचं त्यांनाच वाचता आलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मेहुण्याला घरात सगळे दादा म्हणत. तो गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि खाण्यापिण्याची आवड दांडगी. तो पहिल्याच दिवशी एक भला मोठा डबा घेऊन आला.

“भावोजी, ही ताकदीची पावडर. पैलवान घेतात. दुधात कालवायची आणि ओढायची. चव स्ट्रॉबेरीची आहे.”

ती चव स्ट्रॉबेरीची नव्हती. ती गुलाबी रंगाची चव होती. मिस्त्रींनी एक घोट ओढला आणि पेला बाजूला सरकवला. पण भूक ऐकत नाही. तासाभरानं त्यांनी तोच पेला पुन्हा पुढं ओढला आणि मान फिरवून प्यायले.

स्वतःच्या उपाशीपणापेक्षा त्यांना जास्त लागत होतं ते दुसरंच. बायको दुकानातून येताना तयार जेवणाचे डबे आणायची. भाजी एका कप्प्यात, भात दुसऱ्यात, दोन्ही एकाच रंगाचे. मनी उभ्याउभ्या पावाला जॅम लावून खायची. दादा खालून बिस्किटांचा पुडा आणायचा. मिस्त्री टेबलापाशी स्ट्रॉ तोंडात धरून बसायचे आणि ते सगळं बघायचे. टोमॅटोच्या टोपलीतले टोमॅटो मऊ पडत चालले होते. पालेभाजीची जुडी पिवळी पडली होती. ती उचलून बायकोनं कचऱ्यात टाकली, तेव्हा मिस्त्री असे काही गुरगुरले की शेजारच्या बाई दार उघडून बघून गेल्या.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुणीतरी लसूण तेलात टाकायचं. तो वास खिडकीतून आत यायचा. तोंडाला पाणी सुटायचं आणि ते नीट गिळता येईना, म्हणून ते हनुवटीवरून सदऱ्यावर उतरायचं. एवढा मोठा माणूस, आणि गळ्याशी रुमाल बांधून बसायची वेळ आली. त्यांनी खिडकी लावून घेतली. मग घरात फक्त त्या डब्यातल्या जेवणाचा वास उरला, आणि त्यांनी खिडकी पुन्हा उघडली.

*

आठवड्यानं सूज थोडी उतरली. शब्द अजून धूसरच होते, पण शब्द आहेत एवढं तरी कळायला लागलं. मिस्त्रींनी मनीला हातानं खुणावून स्वयंपाकघरात नेलं आणि कांद्याकडे बोट दाखवलं.

“मला शिकवणार?” मनी म्हणाली. तिनं केस बांधले. “चला. माझे सगळे पेशंट असेच बोलतात. मला सवय आहे.”

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं दादा.

कांदा चिरताना मिस्त्रींना तो बघवेना. एक फोड नखाएवढी, एक अंगठ्याएवढी. त्यांनी डोळे छताकडे लावले. तेल तापलं. कांदा पडला. ज्वाळा फार मोठी होती. कांद्याच्या कडा करपायला लागल्या.

“अंद!” मिस्त्री म्हणाले. “अंद कर!”

मनीनं गॅस बंद केला.

“अंद! अंद!”

“केला की बंद!”

मिस्त्रींनी डाव्या हाताची बोटं हवेत खाली खाली नेली. मनी वाकली आणि खाली पाहायला लागली. “काय पडलं?”

“मंद म्हणतायत ते,” बायको दारातून म्हणाली. “मंद आच.”

गॅस पुन्हा पेटला. टोमॅटो पडले, आणि ते नीट शिजायच्या आधीच मनीनं पाण्याचं भांडं उचललं.

“आंब!” मिस्त्री म्हणाले. “आंब, आंब!”

“आंबट?” मनीचा चेहरा उजळला. “हां, आंबट!” आणि पाणी ओतून वर तिनं अर्धं लिंबू कढईत पिळलं.

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. तो प्लॅस्टरचा निघाला, टणकन आवाज झाला. दादाला हसू आवरेना. मिस्त्रींनी तिच्या हातातून कालथा ओढून घेतला. तो हिसका डाव्या हाताचा, अंदाज नसलेला, त्यानं कढईच कलंडली. निम्मा रस्सा शेगडीवर सांडला, ज्वाळा विझली. स्वयंपाकघरात करपट वास भरला.

“ठीक आहे,” मनी म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “दवाखान्यात कुत्रासुद्धा मला असा हिसका देत नाही.” तिनं हात धुतले आणि निघून गेली. तिच्या खोलीचं दार लागलं.

दादानं कढईत उरलेलं एका वाटीत काढलं, चमच्यानं चाखलं, आणि बायकोपुढं धरलं. बायकोनंही एक चमचा घेतला. मग आणखी एक. ती वाटी संपेपर्यंत उभ्यानं खात राहिली. मिस्त्रींना वाटलं, त्यांना डिवचायलाच खातेय.

“तोंड बांधलेलं असतानासुद्धा घर डोक्यावर घेता येतं, हे तुमच्याकडून शिकावं,” ती म्हणाली आणि शेगडी पुसायला लागली.

*

दोन दिवस मनी बापाशी बोलली नाही. मिस्त्री तसेही बोलत नव्हते, पण हे न बोलणं वेगळं होतं. ते घरात कळत होतं. गुलाबी पावडर चालू होती. पँट कमरेवरून सरकायला लागली. आरशात गालाची हाडं दिसायला लागली. एकदा त्यांनी एका हातानं स्वतःच सूप करायचं ठरवलं. बटाटा एका हातानं सोलायला गेले तर तो साबणासारखा निसटून सोफ्याखाली गेला. ते वाकले, आणि उपासानं डोळ्यांपुढं अंधारी आली. बटाटा तिथंच राहू देऊन ते खुर्चीत येऊन बसले. लिफ्ट अडकली की आत अडकलेली माणसं दारावर थापा मारतात. मिस्त्री नेहमी बाहेरून ओरडायचे, ‘शांत राहा, काही होत नाही.’ आत्ता त्यांना कुणी तसं म्हणालं असतं तर त्यांनी त्याला खाल्ला असता. पण खायचीच तर सोय नव्हती.

त्या संध्याकाळी बायको त्यांच्यासमोर कपड्यांचा ढीग घेऊन बसली. घड्या घालता घालता म्हणाली, “तुम्हाला बोलता येत नाही तोवर मी बोलून घेते.”

मिस्त्रींनी भुवया उंचावल्या.

“माझा भात चिकट झाला. एकदा. एकदाच. दुसऱ्यांदा कसा झाला असता ते मला आजवर कळलेलं नाही, कारण तुम्ही दुसऱ्यांदा करूच दिला नाहीत.”

मिस्त्री काहीतरी म्हणायला गेले. ‘पण मी तुझ्यासाठीच’ एवढं जुळवून बाहेर काढेपर्यंत ती पुढं निघून गेली होती.

“लोक म्हणतात, नशीबवान आहेस. आहेच. रोज गरम जेवण मिळालं, चांगलं मिळालं, मी नाही म्हणत नाही. पण मला काय आवडतं, माहितीय तुम्हाला? मला आंबट आवडतं. लहानपणी मी लिंबाची फोड मीठ लावून चोखायची. तुम्हाला आंबट चालत नाही, म्हणून या घरात कुणालाच आंबट आवडत नाही. तुमच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तिथं नावं ठेवण्यासारखं नव्हतं. पण मागण्यासारखं होतं. आणि मागायला गेलं, की तुम्ही म्हणायचात, ‘आधी चाखून तर बघ.’”

तिनं टॉवेल झटकला.

“आणि त्या पोरीला काही येत नाही म्हणून तुम्ही कालथा हिसकावता. तिला यायचं तरी कुठून? तुम्ही तिला कांदा सोलायला सुद्धा दिला नाहीत, तुमचा कांदा बिघडेल म्हणून.”

मिस्त्रींचे कान तापले. उत्तरं पुष्कळ होती. एकेक सरस होतं. एरवी ती ताडकन निघाली असती, बायकोचा आवाज वर गेला असता, मग त्यांचा, आणि शेवटी दोघंही कशावरून सुरू झालं ते विसरले असते. आता प्रत्येक शब्द ओठांनी घडवायचा, दातांच्या फटीतून ढकलायचा, आणि तिला कळला नाही तर पुन्हा ढकलायचा. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग सोडून दिला. ते नुसतेच बसले आणि तिचं बोलणं सगळं कानात शिरलं, कारण त्याला अडवायला काही नव्हतं.

बायको बराच वेळ बोलली. शेवटी उठताना म्हणाली, “डोकं दुखतंय का तुमचं?”

मिस्त्रींनी मान हलवली. ती नाही अशी होती की हो अशी, ते तिनं विचारलं नाही.

*

पुढच्या रविवारी मनीनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

“बाबा, तुम्ही बाहेर,” तिनं सांगितलं. “आत यायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. खोकायचंसुद्धा नाही.”

बायको आत गेली. दार लोटून घेतलं गेलं. मिस्त्री बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले.

दार लोटलं तरी आवाज येतोच. सुरीचा आवाज आला: टक, बराच वेळ काही नाही, टक. मिस्त्रींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग तेलात काहीतरी पडलं आणि चर्रर्र झालं. त्या आवाजावरून त्यांना तेल किती तापलंय, कांदा ओला आहे, कढई लहान घेतलीय, सगळं कळलं. ते उठले. बसले. पुन्हा उठले आणि दारापर्यंत गेले. आतून मायलेकींचं हसणं ऐकू आलं. काहीतरी सांडलं होतं बहुतेक, कारण बायको म्हणाली, “राहू दे गं, जमीनसुद्धा खाईल थोडं.”

या घरात स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत नसे. मिस्त्री काम करताना बोलत नसत, आणि दुसरं कुणी तिथं नसे. ते दाराशी उभे राहिले, मूठ आवळून, राग कुणावर काढावा ते कळेना. मग परत येऊन बसले.

जेवायच्या वेळी दादा बरोबर हजर झाला. कोंबडीचा रस्सा होता, भात होता, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या. दादानं पहिला घास घेतला, चावला, आणि थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

“भावोजी, खरं सांगू?” तो म्हणाला. “तुमच्यासारखं नाहीये.”

मनीची मान खाली गेली.

“पण मला अजून वाढा,” दादा म्हणाला.

मग मनी उठली आणि आतून एक उंच पेला घेऊन आली. तोच रस्सा तिनं फडक्यातून गाळला होता, दोनदा, स्ट्रॉत एकही कण अडकू नये म्हणून. वरून थोडं गरम पाणी घालून पातळ केला होता. पेल्याला हात लावून तिनं आधी किती गरम आहे ते बघितलं, जसं ती पिल्लांच्या दुधाचं बघत असणार.

मिस्त्रींनी स्ट्रॉ ओठांत धरली आणि ओढली.

मिरी जास्त होती. कांदा एका बाजूनं करपलेला, तो कडवटपणा मागं उरत होता. लसूण कच्चा. लिंबू, अर्थातच, पिळलेलं. बायकोनं सांगितलं असणार. हाडं आणखी थोडा वेळ उकळायला हवी होती. मिस्त्रींनी या सगळ्या चुका एका घोटात ओळखल्या. आणि तरीही त्यांनी डोळे मिटून लगेच दुसरा घोट ओढला. ही चव होती. गुलाबी रंग नव्हे. कोंबडीची, मिरीची, लिंबाची, करपलेल्या कांद्याची, खऱ्याखुऱ्या अन्नाची चव, दातांच्या मागं, जिभेवर. पेला बघता बघता तळाला गेला. स्ट्रॉनं खरखर आवाज केला.

त्यांनी पेला मनीपुढं धरला.

“अजून?” मनीनं विचारलं.

मिस्त्रींनी जोरात मान हलवली.

मनीनं पातेल्याकडे बघितलं. मग दादाकडे. दादाच्या ताटात भाताचा शेवटचा डोंगर रश्श्यात बुडालेला होता आणि पातेलं पुसून लख्ख केलेलं होतं.

“मला काय माहीत?” दादा म्हणाला. “मला वाटलं, भावोजींना ती पावडर आवडते.”

मिस्त्रींनी प्लॅस्टरचा हात उगारला. दादा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत पळाला. बायको हसता हसता पदर तोंडाला लावून खाली बसली, आणि मिस्त्री रिकामा पेला हातात घेऊन दात नसलेल्या वाघासारखे, म्हणजे दात असून बांधलेल्या वाघासारखे, उभे राहिले.

*

त्यानंतर रोज काहीतरी गाळलेलं मिळायला लागलं. रोज चांगलं नव्हे. एकदा मनीनं मासा घातला आणि स्ट्रॉ तुंबली. ती मोकळी करायला मिस्त्रींना शिट्टी वाजवल्यासारखं फुंकावं लागलं आणि समोरची भिंत रंगली. एकदा भोपळ्याचं सूप असं झालं की मिस्त्रींनी डोळे मिटून दोनदा डोकं टेबलावर टेकवलं, आणि मनीला कळेना की आवडलं की वाईट झालं. आवडलं होतं. पण हे सांगायला त्यांना जे शब्द हवे होते, ते सगळे बांधलेल्या दातांच्या आतच होते. ‘भोपळा आधी भाजलास ना? शाबास. पुढच्या वेळी अजून थोडा भाज.’ एवढं त्यांनी तीन वेळा सांगितलं. मनीनं तिन्ही वेळा “काय?” म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सांगायचं होतं ते बाकी सगळं आतच राहिलं याचा त्यांना भयंकर राग आला.

तारा काढायचा दिवस जवळ यायला लागला तसा मिस्त्रींच्या डोक्यात एकच विचार फिरायला लागला: पहिलं काय खायचं? त्यांनी मनातल्या मनात जेवणावळी उठवल्या. भट्टीतून नुकताच निघालेला पाव, ज्याचा पापुद्रा दाताखाली कुडकुडतो. भाजलेल्या कोंबडीची तंगडी, हाडापासून दातानं ओढायची. कच्चा पेरू. शेंगदाणे, मूठभर, नुसते. मऊ, गाळलेलं, पातळ असं काही या घरात पुन्हा येऊ द्यायचं नाही. चावायचं. कान दुखेपर्यंत चावायचं.

डॉक्टरीणबाईंनी कट् कट् आवाज करत तारा कापल्या आणि चिमट्यानं एकेक ओढून ताटलीत टाकल्या. मनगटाचं प्लॅस्टरही उतरलं.

“उघडा तोंड.”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. म्हणजे त्यांना वाटलं, उघडलं. बाईंनी आपलं बोट वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघितलं. एक बोट जेमतेम गेलं.

“उघडा ना.”

“उघडलंय,” मिस्त्री म्हणाले. इतक्या दिवसांनी स्वतःचा स्पष्ट शब्द ऐकून ते स्वतःच दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं. “एवढंच?”

“स्नायू आखडलेत. सगळ्यांचे आखडतात. रोज व्यायाम करायचा, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, हळूहळू वाढवायच्या. तोवर मऊच खायचं. कुस्करलेलं. पाव वगैरे नाही.”

“किती दिवस?”

“जबड्याला विचारा,” बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर कोपऱ्यावरची बेकरी लागली. बायकोनं बाही ओढली तरी मिस्त्री आत गेले आणि सगळ्यात कडक पापुद्र्याचा पाव घेऊन आले. अजून गरम होता. रस्त्यात उभं राहूनच त्यांनी तो तोंडाशी नेला. पावाची कड आत जाईना. तिरका धरून बघितला. दाबून बघितला. पापुद्रा ओठांना टोचला, जबड्यातून कळ कानापर्यंत गेली, आणि इतक्या दिवसांनी बोलता येऊ लागलेल्या या माणसाच्या तोंडून भर रस्त्यात जी पहिली सलग वाक्यं निघाली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. समोरून येणारी एक आजी थबकली आणि नातवाचे कान झाकून पुढं गेली.

“दात आहेत, पाव आहे,” मिस्त्री म्हणाले, “आणि मध्ये ही दातखिळी! म्हणजे काय अर्थ आहे याला?”

“चला घरी,” बायको म्हणाली. “पोरगी वाट बघतेय.”

मनी खरंच वाट बघत होती, पण अजून शिजलं काहीच नव्हतं. ओट्यावर बटाटे, गाजरं, एक कांदा. तिनं बापाचा मोकळा हात बघितला, त्याचं तोंड बघितलं, त्या बोटभर फटीतून बाहेर येणारा त्रागा ऐकून घेतला, आणि मग म्हणाली, “झालं बोलून? मग बटाटे सोला.”

“मी?”

“शेगडीपाशी मी आहे. जागा एकाचीच आहे.”

मिस्त्री बायकोकडे वळले. ती लिंबू कापत होती आणि तिनं वर बघितलं नाही. मिस्त्री बसले. मनगटाला अजून जोर नव्हता, सालं जाड निघत होती. सालीबरोबर निम्मा बटाटाच जातोय असं दिसत होतं. तिकडे मनीनं कांदा तेलात टाकला.

“मंद,” मिस्त्री म्हणाले. आता शब्द स्वच्छ होता.

“कळलं. मला थोडा करपलेला आवडतो.”

“करपलेला कांदा कडू होतो.”

“मला आवडतो.”

“अगं, पण तो—”

“बाबा.”

मिस्त्री गप्प बसले. सोपं नव्हतं. जीभ चावायची म्हटलं तरी चावता येत नव्हती. त्यांनी पुढचा बटाटा घेतला आणि राग त्याच्या सालीवर काढला. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “गाजर आधी घालतात, बटाटा मागून.” मनी म्हणाली, “का?” आणि त्यांनी का ते सांगितलं. गाजर कडक, उशिरा शिजतं. मनीनं गाजर आधी घातलं. मिठावरून वाद झाला. पाणी किती, यावरून झाला. लिंबावरून बायको मध्ये पडली आणि तिघांचा झाला. दार उघडून आत येणारा दादा तो आरडाओरडा ऐकून उंबऱ्यावरच थांबला, नाक वर करून वास घेतला, आणि चपला काढल्या.

कुस्करलेले बटाटे आणि गाजरं, रश्श्यात सैल केलेली. बायकोनं तो कडक पाव फोडून त्याचा आतला मऊ भाग मिस्त्रींच्या वाटीत बुडवला. पापुद्रा दादानं मिटक्या मारत खाल्ला आणि मिस्त्रींनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्या बोटभर फटीतून चमचा आत जात नव्हता. मनीनं दवाखान्यातून आणलेला औषधाचा चपटा छोटा चमचा दिला. त्यानं एका वेळी जेमतेम एक नखभर अन्न आत जायचं. ते मग जिभेनं टाळूला दाबायचं, फिरवायचं, गिळायचं.

बाकीच्यांची ताटं केव्हाच रिकामी झाली. मिस्त्रींची वाटी अर्ध्यावर आली होती. त्यांनी रागानं चमचा ठेवला.

“तुम्ही उठा,” ते म्हणाले. “माझं हे रात्रीपर्यंत चालेल.”

कुणी उठलं नाही. दादानं खुर्ची मागं झुकवली आणि दुकानात एका गिऱ्हाइकानं गादीवर झोपून बघता बघता कसं घोरायला सुरुवात केली ते सांगायला घेतलं. मनी टेबलावर कोपर ठेवून, हातावर डोकं टेकून ऐकत होती. बायकोनं पातेल्याला लागलेलं बोटानं काढून चाटलं, जरा विचार केला आणि उरलेल्यावर लिंबू पिळलं.

मिस्त्रींनी चमचा पुन्हा उचलला.